पाऊस पडला तरी शिधा थांबवू नका

दुष्काळानंतर पशुपालकांच्या मदतीला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी गर्भाचा हिशोब मांडायला लावते. शेळी पाच महिने गाभण राहते, गाय नऊ, उंटीण तेरा. त्याआधी खंगलेली मादी अंगात भरून माजावर यायला हवी. म्हणजे पहिल्या पावसानंतर घरात दूध यायला शेळीवाल्यांनाही निदान सहा-सात महिने लागतात, उंटवाल्यांना वर्षाहून जास्त. तोवर पोरांनी खायचं काय?

हा हिशोब चुकलेला मी पाहिलाय. कुरणं हिरवी झाली आणि आम्ही वाटत होतो तो शिधा बंद झाला. दुसऱ्याच महिन्यात बाजारात गाभण शेळ्या विकायला उभ्या, घरात धान्य नाही म्हणून. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून दूध सुरू होईपर्यंत मदत चालू ठेवा. बाजारात धान्य मिळत असेल तर रोख द्या, नसेल तर धान्य.

कळप वाचवायचं काम मात्र पावसाच्या कितीतरी आधीचं. इथिओपिया, केनिया, सोमालियाच्या चराऊ पट्ट्यांत २०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले. एवढ्या लांबलेल्या दुष्काळात थोडा थोडा चारा सगळ्यांना वाटला, तर कुणालाच पुरत नाही. नर आणि भाकड जनावरं अंगावर मांस आहे तोवर विकू द्या. व्यापारी गाठून द्या, वाहतुकीचा खर्च उचला. राखायच्या त्या तरण्या माद्या आणि एखाद-दुसरा नर. कोणत्या, ते घरातल्या बाईला विचारा. कुठली शेळी जुळं देते, कुठली गाभडते, हे तिला तोंडपाठ असतं.

शेळीच्या कमरेवरून हात फिरवा. मणक्यांची टोकं करवतीसारखी लागली, तर तिला आजच खुराक सुरू करा. खालची पापणी ओढून बघा. पांढरी फटक असेल, तर बहुधा पोटात रक्त पिणारे जंत आहेत. पण दया आली म्हणून घमेलंभर धान्य पुढ्यात ओतू नका. उपाशी पोटात ते आंबतं आणि जनावर आडवं होतं. वाळल्या चाऱ्यासोबत ओंजळीपासून सुरुवात करा, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. आणि पहिल्या पावसाच्या रात्री आडोसा हवाच, हाडं निघालेली जनावरं गारठ्यानं दगावतात.

नव्या शेळ्या वाटणं सगळ्यात शेवटी, तेही कुटुंबाला हव्या असतील तर. काहींना पुन्हा कळपामागे जायचं नसतं. त्यांना दुसरा धंदा उभा करून द्या. शेळ्या त्याच मुलखातल्या घ्या, तिथली विषारी झुडपं ओळखणाऱ्या. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस टोचा, एक मात्रा किमान तीन वर्षं पुरते. मग तीन आठवडे वेगळ्या बांधा.

देणगीदारांना विहिरी फार आवडतात. पण कोरड्या दिवसांसाठी राखलेल्या कुरणात बारमाही पाणी आलं, की कळप तिथेच ठाण मांडतात आणि राखीव गवत दुष्काळाआधीच संपतं. म्हणून बोअर घेण्याआधी, कुठल्या कुरणात कधी उतरायचं हे ठरवणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर एक दिवस ते रान पायी फिरून या.