जुन्या बाइकला पुढचा नवा कॅलिपर बसवताना

एका पिस्टनचा कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) काढून मी चार पिस्टनचा बसवला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ मोजमापात गेला, आणि तो जायलाच हवा. बोल्टांमधलं अंतर, डिस्कची जाडी, आरे आणि कॅलिपरमधली मोकळी जागा, सगळं व्हर्नियरने मोजा. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्यावर यायला हवी.

खरा घोळ मास्टर सिलिंडरचा, म्हणजे लिव्हर दाबली की ब्रेक ऑइल कॅलिपरकडे ढकलणाऱ्या भागाचा. पिस्टनांचं क्षेत्रफळ वाढलं की जुना मास्टर पुरेसं ऑइल ढकलत नाही आणि लिव्हर ग्रिपला टेकते. माझं तेच झालं. १२.७ मिमीऐवजी १४ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) लावला, तेव्हा लिव्हरला दम आला. फार मोठा घेतलात तर लिव्हर दगडासारखी कडक होते. पिस्टनांच्या क्षेत्रफळाचा हिशेब करताना, पिस्टन समोरासमोर असतील तर एकाच बाजूचे धरा.

ब्रेक होजच्या जोडाला तांब्याचे वॉशर नवेच वापरा. डॉट ४ ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ कधीही मिसळू नका. ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो. हवा काढूनही लिव्हर मऊ वाटली, तर ती रात्रभर दाबून बांधून ठेवा. सकाळी बराच फरक पडतो.

पहिले ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात मारा. नवे पॅड लगेच पकडत नाहीत.