इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? शोरूमच्या आधी मीटर रूम बघा

कोणती गाडी घ्यावी हे मी सांगणार नाही. ते सांगणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत. त्यातले कित्येक अजून ‘आयकराच्या 80ईईबी कलमाखाली इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळते’ असं ठोकून देतात. ती वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती. नव्या कर्जाला नाही. दुसरा आवडता विषय रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते. रोज ठाण्याहून मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जाऊन यायचं तर पन्नास-साठ किलोमीटर होतात. आज बाजारातली सगळ्यात छोटी इलेक्ट्रिक गाडीसुद्धा एका चार्जमध्ये एवढं अंतर दोनदा कापते. रेंजवर डोकं खाणाऱ्यांना आधी विचारा, तुमची गाडी रात्री उभी कुठे असते?

1. पार्किंगची जागा

रस्त्यावर किंवा पे अँड पार्कमध्ये गाडी लावत असाल तर सध्या घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी जातो. शिवाय आठवड्यातून दोनदा रांगेत तिष्ठायचं.

सोसायटीत दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदलत असेल तर केबल कोणत्या खांबावर आणणार? स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवतात तिथे, वरचा पाळणा मिळालेला असेल तर चार्जिंग गाडी खाली उभी असतानाच होणार, म्हणजे शेजाऱ्याशी रोजची घासाघीस आली. पक्की, नावावर असलेली जागा असेल तरच पुढे वाचा.

2. हिशेब

पेट्रोल लिटरला शंभरीपार आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बारा किलोमीटर देते, असं धरा. किलोमीटरला साडेआठ रुपये पडतात. सीएनजीवर चारच्या आसपास. घरी चार्ज केलेली इलेक्ट्रिक गाडी दोन रुपयांत जाते. पण तीच सगळी बाहेर चार्ज केली तर पुन्हा चारवर, म्हणजे सीएनजीच्या बरोबरीला. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने केवळ बचतीसाठी घेऊ नये. रविवारी सिद्धिविनायक आणि महिन्यातून एकदा लोणावळा एवढ्यासाठी तर नकोच.

मुंबईहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या अटल सेतूवरून रोज जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे कारला एकेरी 250 रुपये टोल आहे आणि ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक कारना तो माफ आहे. किमतींची तुलना मात्र ताजी करा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा आधीपासून 5 टक्के होता, तो तेवढाच राहिला. त्यामुळे शोरूममधला फरक वाढला आहे आणि त्याआधीचे तक्ते कामाचे नाहीत.

3. सोसायटी, मीटर आणि केबल

खरा निर्णय इथे होतो. माझं स्वतःचं घोडं इथेच अडलं होतं. नंतर नातेवाइकांची, शेजाऱ्यांची प्रकरणं बघितली, तीही बरोबर याच जागी रखडली. डीलर सांगतो, ‘चार्जर फ्री बसवून देऊ.’ तो चार्जर भिंतीवर लावून देतो. भिंतीपर्यंत वीज कोण आणणार, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

पार्किंगमध्ये उभे राहा आणि तिथून मीटर रूमपर्यंत चालत जा. टेप घेऊन मोजा. केबल छताखालून ट्रेमधून येईल की फरसबंदी फोडावी लागेल, मध्ये पाण्याच्या टाकीची भिंत येते का, हे डोळ्यांनी बघा. आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलचा खर्च लांबीवर चालतो. मागच्या विंगेतल्या पार्किंगवाल्याचं बिल गेटजवळच्या माणसाच्या तिप्पट होऊ शकतं.

आता विजेच्या बिलावरचा मंजूर भार बघा, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची तुम्हाला परवानगी आहे. जुन्या इमारतीत तो कमी असतो. दोन एसी आणि गीझर आधीच त्यावर आहेत, त्यात 7.2 किलोवॅटचा चार्जर जोडलात तर भार वाढवून घ्यावाच लागेल. माझं ठाम मत, बहुतेकांना तो मोठा चार्जर लागतच नाही. गाडीबरोबर येणारा 3.3 किलोवॅटचा, 15 अँपियरवर चालणारा चार्जर रात्री नऊ ते सकाळी सहा लावा. दीडशे किलोमीटरची बेगमी आरामात होते. कमी भार, स्वस्त केबल, आणि कमिटीशी वादही कमी.

वीज आणायचे रस्ते दोन. एक, घरच्या मीटरवरून केबल ओढायची. हे सोपं, पण घरगुती दराचे टप्पे चढत जातात. तीनशे युनिटच्या वर गेलात की गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या दराने. दुसरा, चार्जिंगसाठी वेगळं मीटर, त्याला वेगळा दर. वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 च्या दुरुस्तीने अशी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली आहे. मुंबई शहरात वीज बेस्टची, उपनगरात अदानी किंवा टाटाची, मुलुंड-भांडुपला महावितरणची. तुमची कंपनी जी असेल तिचा चालू दर बघून दोन्ही आकडे मांडा. सोसायटीच्या कॉमन मीटरवर सबमीटर लावायचा तिसरा रस्ता कोणीतरी सुचवेलच. त्या फंदात पडू नका. दर महिन्याला खजिनदाराशी पैशांवरून वाजतं.

मग कमिटी. ‘मला चार्जर बसवायचा आहे, परवानगी द्यावी’ असा दोन ओळींचा अर्ज दिलात तर तो पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत फायलीत पडून राहील. आमच्या सोसायटीत तेच चाललं होतं. प्रत्येक बैठकीत नवी शंका: आग लागली तर, सगळ्यांनी मागितलं तर, लॉबीची लादी फोडली तर. अर्जाला तीन गोष्टी जोडा. केबलच्या मार्गाचा हाताने काढलेला का होईना नकाशा, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं पत्र आणि ‘सर्व खर्च माझा, जागा सोडताना केबल काढून पूर्ववत करून देईन’ अशी सहीची ओळ. पोच घ्या, तारखेसकट.

‘सगळ्यांनी मागितलं तर’ ही शंका हसण्यावारी नेऊ नका, ती रास्त आहे. इमारतीला येणारी वीज मोजकीच असते. पहिल्या चार जणांना परवानगी सहज मिळते आणि पाचव्याला कळतं की भार संपला. म्हणून तुमच्या एकट्याच्या परवानगीऐवजी सगळ्या इमारतीचा ठराव मागा: एकच ट्रे, एकच मार्ग, ज्याला हवं त्याने त्यात केबल टाकावी. असा ठराव लवकर पास होतो, कारण ज्यांची गाडी दोन वर्षांनी येणार आहे तेही हात वर करतात.

आगीबद्दल बोलायचं तर मला बॅटरीपेक्षा प्लगची भीती जास्त वाटते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून गाडी चार्ज करणारे महाभाग मी पाहिले आहेत. नऊ तास सलग चौदा-पंधरा अँपियर ओढणं हे साध्या बोर्डाचं काम नाही. भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं, आणि मग वास येतो. औद्योगिक सॉकेट, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि नीट अर्थिंग एवढं हवंच. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा आणि कंत्राटदाराला बोलवा.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाचं पत्र आधी घ्या. केबलचे पैसे परत मिळत नाहीत.

4. टेस्ट ड्राइव्ह

गाडी कशी पळते ते कळेलच. ती घरी आणून तुमच्या जागेत लावून बघा. चार्जिंगचं तोंड कुठे आहे ते महत्त्वाचं: टाटाच्या पंच ईव्हीला ते पुढे नाकावर आहे, काही गाड्यांना मागच्या बाजूला. आपल्याकडे एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा आरसा असतो. चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) लावायला हात जायला हवा.

5. पावसाळा आणि विमा

बॅटरीचं आयपी67 मानांकन म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बॅटरीत पाणी शिरत नाही, एवढंच. पाणी तुंबलेलं असताना हिंदमाताला किंवा मिलन सबवेत घुसायचा तो परवाना नव्हे. तळघरात पार्किंग असेल तर सॉकेट कमरेच्या वर लावा आणि विम्यात बॅटरीचं संरक्षण वेगळं मागून घ्या. थर्ड पार्टी हप्त्यावर इलेक्ट्रिक गाडीला 15 टक्के सूट आहे, ती लागली आहे का तेही तपासा.

6. बुकिंग

मीटर बसल्यावर. त्याआधी डीलरने ‘ऑफर महिनाअखेर संपते’ म्हटलं तर संपू द्या, पुढच्या महिन्यात दुसरी येते.

गणपतीला गाडी कोकणात नेणार असाल तर गावच्या घरी अर्थिंग आधी करून घ्या. जुन्या घरात ती बहुतेक वेळा नसते, आणि मग चार्जर लाल दिवा लावून हटून बसतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वायरमन शोधण्यापेक्षा जूनमध्येच भावाला फोन करून काम उरकून घ्या.