लहान मुलांसह केळकर संग्रहालय आणि सारसबाग : सहलीची आखणी कशी करावी

पुण्यात चार ते आठ वर्षांच्या मुलांना संग्रहालय दाखवायचे असेल, तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील बहुतेक वस्तू स्वयंपाकघरातल्या, देवघरातल्या, माजघरातल्या आहेत. दिवे, कुलपे, अडकित्ते, भांडी, दौती आणि वाद्ये मुलांना परकी वाटत नाहीत आणि त्यांच्याविषयी आजी-आजोबांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. म्हणून शक्य असेल तर घरातील एक तरी वडीलधारी व्यक्ती बरोबर न्यावी.

वेळ ठरवताना मुलांची झोप आणि बागेची वेळ या दोन्हींचा विचार करावा. महापालिकेची अनेक उद्याने दुपारी बंद असतात, त्यामुळे सकाळी संग्रहालय पाहून भर उन्हात बागेच्या दारात ताटकळण्यापेक्षा मुलांना दुपारी जेवू घालून, झोपवून, तीनच्या सुमारास संग्रहालयात पोहोचणे आणि तेथून संध्याकाळी सारसबागेत जाणे अधिक सोयीचे पडते. दोन्ही ठिकाणच्या त्या दिवशीच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. पेठेत गाडी लावायला जागा मिळणे कठीण असल्याने मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत संग्रहालय गाठावे आणि परतताना स्वारगेट स्थानकावरून गाडी पकडावी. ही दोन्ही स्थानके भुयारी आहेत, आणि जमिनीखालून जाण्याचे मुलांना भारी अप्रूप असते.

खरी तयारी आदल्या दिवशी घरीच करावी. घरात जुना अडकित्ता, पितळी समई किंवा खलबत्ता असेल तर तो मुलांच्या हाती द्यावा. अडकित्त्याचे पाते कोणते, बिजागरी कुठे आहे, सुपारी कुठे ठेवायची, हे मोठ्यांनी स्वतः धरून दाखवावे. संग्रहालयात वस्तूंना हात लावता येत नाही. घरी एखादी वस्तू हाताळलेली असली, की काचेपलीकडची वस्तू मूल निराळ्या नजरेने पाहते आणि हात न लावण्याची अटही त्याला फारशी जाचत नाही.

आत गेल्यावर सगळे पाहून संपवण्याचा आग्रह धरू नये. संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि त्यातला मांडलेला भागही लहान मुलाला एका फेरीत पेलणारा नाही. मुलांना एकच काम द्यावे : वस्तूंमध्ये लपलेले पशुपक्षी शोधायचे. पोपटाच्या किंवा घोड्याच्या आकाराचा अडकित्ता, दिव्यावरचा मोर, टाचा घासायच्या वज्रीवर बसवलेला पक्षी, असे एकेक सापडू लागले की मुले स्वतःच पुढे धावतात. प्रत्येक सापडलेल्या वस्तूपाशी ‘हे कशासाठी वापरत असतील?’ एवढेच विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. वज्रीचा खरखरीत तळ पाहून तिचा उपयोग ओळखणारे मूल ती वस्तू सहसा विसरत नाही. दालने दाटीची आहेत आणि जिने चढावे लागतात, म्हणून बाबागाडी न नेता तान्ह्या बाळाला झोळीत घ्यावे.

कोथरूडहून हलवून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल मोठ्या मुलांना अवश्य दाखवावा. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी हा संग्रह जमवला आणि लहानपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून संग्रहालयाला त्याचे नाव दिले, हेही सात-आठ वर्षांच्या मुलांना साध्या शब्दांत सांगावे. मुलांपासून ते लपवण्याचे कारण नाही. त्यानंतर ती वस्तूंकडे अधिक हळुवारपणे पाहतात.

साधारण तासाभराने, मुले कंटाळण्यापूर्वीच, बाहेर पडावे. सारसबाग तेथून जवळ आहे, मात्र पाय दुखत असतील तर रिक्षा करावी. आता मुलांना काहीही न शिकवता हिरवळीवर मनसोक्त पळू द्यावे. बागेतले गणपतीचे मंदिर 1784 मधले, सवाई माधवरावांच्या काळातले आहे. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव का, असे मुले हमखास विचारतात, तेव्हा पूर्वी येथे मोठे तळे होते आणि मंदिर त्यातील बेटावर होते, हे सांगावे. मंदिराच्या आवारात गणेशमूर्तींचे छोटे संग्रहालयही आहे, पण ते मुलांनी स्वतः मागितले तरच दाखवावे.

शेजारच्या पेशवे उद्यानात 1956 पासूनची फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे. ती त्या दिवशी चालू असल्याची खात्री करूनच मुलांना तिच्याबद्दल सांगावे, कारण हिरमुसलेल्या मुलाची समजूत काढण्यात उरलेली संध्याकाळ जाते. घरून पाणी, दशम्या किंवा पोळीचे रोल आणि कपड्यांचा एक जोड न्यावा. भेळ हवीच असेल तर ती फुलराणीत बसून झाल्यावर, स्वारगेटकडे निघताना घ्यावी.