जठराच्या कॅन्सरवर थीसिस घेताय? आधी फोन नंबर तपासा

एमडी पॅथॉलॉजीच्या थीसिससाठी ‘जठराच्या कॅन्सरचे मॉलिक्युलर उपप्रकार आणि रुग्णांचं जगणं’ हा विषय मनात असेल तर जरूर घ्या. मी बेळगावात हाच घेतला होता. चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

वाचनाला फार दिवस लागत नाहीत. १९६५ साली लॉरेन यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून इंटेस्टायनल आणि डिफ्यूज असे दोन मुख्य गट केले, ते रिपोर्टमध्ये आपण अजूनही लिहितो. २०१४ मध्ये कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या टीसीजीए प्रकल्पाने २९५ गाठी तपासून चार उपप्रकार मांडले: ईबीव्ही विषाणूशी निगडित (सुमारे ९ टक्के), एमएसआय, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेला (२२), जीनोम स्थिर असलेला (२०) आणि गुणसूत्रं अस्थिर असलेला (५०). त्या शोधनिबंधात चार गटांच्या जगण्यात फरक दिसला नव्हता, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. तो फरक ठळकपणे आला एसीआरजी या संशोधनगटाच्या २०१५ च्या अभ्यासात, कोरियातल्या ३०० गाठींवर. त्यांची विभागणी वेगळी होती. एमएसआय गटाचे रुग्ण सर्वांत जास्त जगले, ईएमटी (पेशी एकमेकींना सोडून पसरू लागतात तो) गटाचे सर्वांत कमी. या दोन वर्गवाऱ्यांची सरमिसळ करू नका.

आपल्याकडे जनुकांचं सिक्वेन्सिंग बहुधा परवडत नाही. मग एमएसआय ओळखायला डीएनए दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या प्रथिनांचे चार स्टेन (रंग चढवून बघायच्या चाचण्या), ईबीव्हीसाठी ईबर ही चाचणी, शिवाय उरलेल्या दोन गटांसाठी पी५३ आणि ई-कॅडहेरिन या प्रथिनांचे स्टेन यांवर भागवायचं. त्यातले शेवटचे दोन हे अंदाजाचे निकष आहेत, हे थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. स्टेनची खरी परीक्षा फॉर्मलीनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणातच होते. जठराचं अस्तर फार लवकर सडतं. ऑपरेशन झालं की नमुना उघडून भरपूर बफर्ड फॉर्मलीनमध्ये गेला पाहिजे. शनिवारी संध्याकाळचा नमुना सोमवारपर्यंत न उघडता पडला, तर एमएलएच१ ‘गेलंय’ की रंगच चढला नाही, हे कळत नाही. म्हणून शेजारच्या निरोगी पेशींत रंग आलाय का ते आधी पाहायचं.

पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘जगणं’ हा कॉलम. रुग्ण खानापूर, निपाणी, चंदगड, गोवा असे कुठूनही येतात. केस पेपरवर नंबर पुतण्याचा असतो, नाहीतर गावातल्या दुकानदाराचा. दाखल होतानाच घरच्यांचे दोन नंबर घ्या. फोन लागला की “बेळगावच्या दवाखान्यातनं बोलतोय, तब्येत कशी आहे विचारायला फोन केला” अशी सुरुवात करा. जिवंत आहेत का, असं कधीही विचारू नका.

खानापूर तालुक्यातल्या एका सूनबाई म्हणाल्या, “मामा गेले की हो, लावणीच्या टायमाला.” तारीख आठवेना. बारावं कधी घातलं, विचारल्यावर लगेच उत्तर आलं: “एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, आषाढीच्या.” कॅलेंडरवर मागे मोजून तारीख काढली आणि नंतर मृत्यूच्या दाखल्याशी ताडली. सण, जत्रा, सुगी, बारावं यांवरून विचारलंत की लोक नेमकं सांगतात. त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या, फोन घाईने ठेवू नका. जो रुग्ण सापडलाच नाही, त्याला मेलेला धरू नका आणि जिवंतही धरू नका. शेवटची भेट ज्या तारखेला झाली तिथे त्याची नोंद थांबवा. मुदत निदानापासून मोजायची की ऑपरेशनपासून, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

एवढी खटपट कशासाठी? ब्रिटनमधल्या मॅजिक ट्रायलच्या (निव्वळ शस्त्रक्रिया की तिच्या आधी-नंतर केमोही, अशी तुलना करणाऱ्या) नमुन्यांच्या नंतरच्या विश्लेषणात एमएसआय रुग्ण निव्वळ शस्त्रक्रियेवर चांगले राहिलेले दिसले, केमोचा फायदा त्यांच्यात दिसला नाही. त्यांची संख्या कमी होती, पण प्रश्न आपल्या रुग्णांच्याही जिवाचा आहे.

प्रश्न लहान ठेवा. साठ रुग्णांत टीसीजीएच्या हिशेबाने ईबीव्हीचे पाच-सहाच निघतील. त्यांचा स्वतंत्र आलेख काढण्यात अर्थ नाही. एमएसआय आहे की नाही, एवढी तुलना पुरे, आणि स्टेजचा विचार केल्याशिवाय तीही करू नका. इथिक्स कमिटीच्या अर्जासोबतच फोनवरच्या संमतीचा मजकूर मराठी आणि कानडी दोन्हीत जोडा. नंतर जोडायचा म्हटलं तर पुढच्या मीटिंगपर्यंत काम अडतं.