एक्स-८६ची इन्स्ट्रक्शन फोडून पत्ता काढताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बेळगावात टिळकवाडीत आमच्या माडीवर दोन पोरं लॅपटॉप घेऊन बसली होती. एक निपाणीचा, एक खानापूरचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दोघांनी छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला होता. प्रोग्रॅम पडला की तो मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर हात घालताना पडला, हे कर्नलनं स्वतः एक्स-८६ची (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची) इन्स्ट्रक्शन वाचून छापायचं होतं. निपाणीकर खुशीत होता. "सर, बरोबर येतंय की ओ!" म्हणाला. खरंच येत होतं. मग मी त्याला ८बी ०४ २४ हे तीन बाइट द्यायला सांगितले. स्टॅकच्या टोकावर जे आहे ते ईएएक्स या रजिस्टरात (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) घ्या, एवढाच त्यांचा अर्थ. पत्ता आला तो स्टॅक पॉइंटरच्या (स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टराच्या) बरोबर दुप्पट.

या कामाचा फॉर्म्युला चहा उकळेपर्यंत लिहून होतो: बेस अधिक इंडेक्स गुणिले स्केल अधिक डिस्प्लेसमेंट. बेस आणि इंडेक्स ही रजिस्टरं, स्केल हा गुणक, डिस्प्लेसमेंट हा इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेला आकडा. दुखणं सगळं अपवादांत असतं. आणि अपवाद चुकला तरी उत्तर पत्त्यासारखंच दिसतं. म्हणून माझी एक सवय आहे. आलेला पत्ता आणि यायला हवा होता तो पत्ता यांची आधी वजाबाकी करायची, कोड नंतर उघडायचा. बहुतेक वेळा तो फरकच चूक कुठं आहे ते सांगतो.

मुळात हे करावं का लागतं? पेज फॉल्टमध्ये (मॅप नसलेल्या किंवा बंद पेजला, म्हणजे मेमरीच्या तुकड्याला, हात लागला की येतो तो) प्रोसेसर पत्ता सीआर-२ या रजिस्टरात आयता देतो. जनरल प्रोटेक्शन फॉल्टमध्ये तसं काही मिळत नाही. लिनक्समध्ये लिस्टमधून काढून टाकलेल्या नोडचे पॉइंटर मुद्दाम विषारी केलेले असतात, त्यांच्या हेक्समधल्या वरच्या चार अंकांत 'डेड' वाचता येतं. असा नॉन-कॅनॉनिकल (६४-बिट पत्त्याच्या ठरलेल्या साच्यात न बसणारा) पॉइंटर कोणी वापरला की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो आणि सीआर-२ला त्याची खबरही नसते. लिनक्स ५.६पासून अशा वेळी कर्नल इन्स्ट्रक्शन फोडून 'बहुधा या नॉन-कॅनॉनिकल पत्त्यामुळे' असं छापतो. त्याआधी ४.१५मध्ये यूएमआयपीसाठीही (काही सिस्टिम इन्स्ट्रक्शन युजर प्रोग्रॅमना बंद करणारी प्रोसेसरची सोय) हेच करावं लागलं. एसजीडीटी, एसआयडीटी यांसारख्या इन्स्ट्रक्शन युजर मोडमध्ये बंद झाल्या, पण वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना त्या लागतात. मग कर्नल त्यांची नक्कल करतो, आणि नक्कल करायची तर उत्तर कुठं लिहायचं तो पत्ता आधी काढावा लागतो.

फरक स्टॅक पॉइंटरएवढा: चार म्हणजे 'नाही'

ऑपकोडनंतर, म्हणजे काय करायचं ते सांगणाऱ्या बाइटांनंतर, मॉडआरएम नावाचा बाइट येतो. त्यात मॉड दोन बिट, रेग तीन, आरएम तीन. मॉड ३ असेल तर ऑपरँड (ज्यावर काम करायचं ती किंमत) रजिस्टरातच आहे, मेमरीचा पत्ता काढायचाच नाही, तिथूनच परत फिरा. आरएम ४ असेल तर पुढं एसआयबी बाइट येतो: स्केल दोन बिट, इंडेक्स तीन, बेस तीन.

आता पोरांचे तीन बाइट घ्या. ०४ म्हणजे ०० ००० १००. मॉड शून्य, आरएम ४, म्हणून एसआयबी आहे. २४ म्हणजे ०० १०० १००. बेस ४, म्हणजे आरएसपी, आपला स्टॅक पॉइंटर. इंडेक्सही ४, आणि इथं त्याचा अर्थ आरएसपी नाही, 'इंडेक्स नाही' असा आहे. पोरांच्या कोडनं त्याला आरएसपी समजून दोनदा मिळवलं. लिनक्सवर तर हे जास्तच फसवतं. तिथं युजरचा स्टॅक ४७ बिटांच्या जागेच्या टोकाला असतो. त्याची दुप्पट केली की पत्ता नॉन-कॅनॉनिकल होतो, आणि फॉल्टचं कारण सापडलं असं वाटून आपण भलत्याच पॉइंटरच्या मागं लागतो.

पण नुसतं 'इंडेक्स ४ तर सोडून द्या' लिहिलंत तर दुसरा खड्डा आहे. आरईएक्स प्रिफिक्सचा (ऑपकोडच्या आधी येणारा, रजिस्टरांच्या क्रमांकाला चौथा बिट जोडणारा बाइट) एक्स बिट लागला असेल तर तोच ४ म्हणजे १२, म्हणजे आर-१२, आणि तो इंडेक्स म्हणून चालतो. तेव्हा इंडेक्सची तपासणी आरईएक्सचा बिट जोडल्यावर करायची. आरएमची मात्र उलट, बिट जोडण्याआधी. बेस आर-१२ असला तरी आरएमचे तीन बिट १००च दिसतात आणि एसआयबी येतोच. एकाच बाइटांच्या जोडीत दोन उलटे नियम! सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात खट्याळ वाटतो तो भाग हाच.

पोरांचा चेहरा पडला तेव्हा मी सांगितलं, की इंडेक्स ४ची हीच चूक खुद्द लिनक्समध्ये होती. एमपीएक्ससाठी (इंटेलची मेमरीच्या सीमा तपासणारी सोय) लिहिलेला पत्ता काढण्याचा कोड यूएमआयपीसाठी वापरायला घेतला, तेव्हा २०१७मध्ये ती दुरुस्त झाली. पुढं एमपीएक्स कर्नलमधून गेलं, हा कोड राहिला.

फरक आरबीपीएवढा, सातचा किंवा चारचा: पाचाची भानगड

मॉड शून्य आणि एसआयबीतला बेस ५ असेल तर बेसच नसतो, त्याच्या जागी ३२ बिटांचं डिस्प्लेसमेंट येतं. इथं आरबीपी (५ क्रमांकाचं रजिस्टर) मिळवलंत तर फरक बरोबर आरबीपीएवढा येईल. आरईएक्सचा बी बिट असला तरी नियम तोच. म्हणून तर कंपायलरला आर-१३चा साधा पत्ता हवा असेल तर तो मॉड १ घेऊन शून्याचं डिस्प्लेसमेंट जोडतो.

एसआयबी नसताना मॉड शून्य आणि आरएम ५ असेल, तर ३२-बिट मोडमध्ये नुसतं डिस्प्लेसमेंट हाच पत्ता. ६४-बिटमध्ये मात्र तो आरआयपीपासून मोजायचा, आणि आरआयपी म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनची सुरुवात. मोजणी आपल्या दारापासून करायची नाही, शेजारच्या दारापासून करायची. हेक्स ४०१००० वर ४८ ८बी ०५ १० ०० ०० ०० असेल तर लांबी ७, म्हणून पत्ता ४०१०१७. फरक ७चा आला तर चालू इन्स्ट्रक्शनची सुरुवात वापरलीय.

हे कळल्यावरही एक चूक उरतेच. सी७ ०५ १० ०० ०० ०० ०१ ०० ०० ०० या इन्स्ट्रक्शनमध्ये डिस्प्लेसमेंटनंतर चार बाइटांचं इमिजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेली किंमत) आहे. डिस्प्लेसमेंट वाचून झालं की इन्स्ट्रक्शन संपली असं धरलंत तर पत्ता चारनं कमी येतो. आधी पूर्ण लांबी काढा, पत्त्याचं नंतर बघा.

फरक २५६चा, किंवा चार जीबीचा

४८ ८बी ४५ एफ८ म्हणजे आरबीपी वजा ८. एफ८ला बिनचिन्हाचा बाइट समजलात तर अधिक २४८ होतं, फरक २५६. ३२ बिटांच्या डिस्प्लेसमेंटमध्ये हीच चूक चार जीबीचा फरक देते. सी भाषेत एक चुकीचा टाइप लिहिला की झालं, कंपायलर चूंही करत नाही.

चार जीबीच्या पटीतला फरक ६७ या प्रिफिक्सकडेही बोट दाखवतो. ६४-बिट मोडमध्ये तो असेल तर बेरीज झाल्यावर खालचे ३२ बिटच ठेवायचे.

पत्ता अगदीच भलता: रजिस्टरांचा क्रम

ए, बी, सी, डी असा क्रम कोणालाही सुचतो. प्रोसेसरचा क्रम आहे एएक्स, सीएक्स, डीएक्स, बीएक्स, मग एसपी, बीपी, एसआय, डीआय. आणि कर्नल फॉल्टच्या वेळी रजिस्टरं ज्या पीटी-रेग्ज स्ट्रक्चरमध्ये ठेवतो त्याचा क्रम तिसराच, ६४-बिटमध्ये तो आर-१५पासून सुरू होतो. हिशेब करत बसू नका, सरळ सोळा ऑफसेटचं टेबल हातानं लिहा.

बाइट तेच, भाषा वेगळी

आमच्याकडं कन्नडात हालु म्हणजे दूध आणि मराठीत हाल म्हणजे हालच. कोण बोलतंय ते कळल्याशिवाय शब्दाचा अर्थ लावता येत नाही. ४८ या बाइटचंही तेच. ६४-बिट मोडमध्ये तो आरईएक्स प्रिफिक्स, ३२-बिटमध्ये ईएएक्समधून एक वजा करणारी पूर्ण इन्स्ट्रक्शन. मोड ठरवताना प्रोसेस कुठल्या फाइलवरून सुरू झाली ते बघू नका. फॉल्टच्या वेळी साठवलेला सीएस सिलेक्टर (चालू कोड कुठल्या मोडचा ते त्यावरून कळतं) बघा, कारण ६४-बिट प्रोसेस 'फार जंप' (कोड सेगमेंटही बदलणारी उडी) मारून ३२-बिट कोडमध्ये जाऊ शकते. १६-बिट मोडमध्ये एसआयबी नाही आणि आरएमचं टेबलच वेगळं आहे. जुन्या डॉस प्रोग्रॅमची नक्कल करणार नसाल तर तिथं सरळ एरर परत करा. अर्धवट उत्तरापेक्षा ते बरं.

फरक एफएस बेसएवढा

६४-बिटमध्ये सेगमेंट (पत्त्यात आपला बेस मिळवणारे) संपले असं समजून लोक ते सोडून देतात. सीएस, डीएस, ईएस, एसएसचा बेस शून्य धरला जातो हे खरं, पण एफएस आणि जीएस जिवंत आहेत. इथं माझी आवडती इन्स्ट्रक्शन आहे: ६४ ४८ ८बी ०४ २५ २८ ०० ०० ००. स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅकवरची गडबड पकडणारी कंपायलरची सोय) लावून कंपाइल केलेल्या लिनक्स प्रोग्रॅममध्ये ती जागोजागी सापडते. ६४ म्हणजे एफएस, ४८ आरईएक्स, मग आरएम ४, इंडेक्स ४, बेस ५. नऊ बाइटांत निम्मे अपवाद! एफएस विसरलात तर पत्ता हेक्स २८ येतो. तो इतका छोटा, की कोणीही नल पॉइंटर म्हणून सोडून देईल.

जीएसची गोष्ट आणखी वाकडी. कर्नलमध्ये शिरताना स्वॅपजीएस (युजर आणि कर्नलच्या जीएस बेसची अदलाबदल) झालेलं असतं, म्हणून युजरचा जीएस बेस आता कर्नल-जीएस-बेस नावाच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरात) असतो. जीएस-बेस नावाच्या एमएसआरमध्ये वाचलंत तर कर्नलचा स्वतःचा पत्ता हाती येईल.

बाइट आणताना, आणि पत्ता वापरताना

इन्स्ट्रक्शन जास्तीत जास्त १५ बाइटांची असते, म्हणून सगळे १५ मागतात. इन्स्ट्रक्शन पेजच्या शेवटी असेल आणि पुढचं पेज मॅपच नसेल तर कमी मिळतात. कॉपी-फ्रॉम-युजर (युजरच्या मेमरीतून कॉपी करणारं कर्नलचं फंक्शन) किती बाइट राहिले ते सांगतो. मिळालेल्यांत इन्स्ट्रक्शन पुरी होत असेल तर काम पुढं चालवा, उगाच एरर देऊ नका. फॉल्ट आणि वाचन यांच्या मधे दुसऱ्या थ्रेडनं ते बाइट बदललेले असू शकतात. म्हणून एकदाच वाचा आणि त्याच प्रतीवर काम करा.

काढलेला पत्ता युजरच्या रजिस्टरांतून आलाय, म्हणजे तो युजरनं ठरवलाय. त्यावर थेट पॉइंटर टाकून लिहिलंत तर कोणीही कर्नलची मेमरी तुमच्याच हातानं बदलून घेईल. लिहायचं ते कॉपी-टू-युजरनंच. इतर चुकांनी उत्तर चुकतं, हिनं मशीन जातं.

पडताळा

प्रवेश बंद असलेलं पेज मॅप करा, त्यावर मुद्दाम पडा, आणि सीआर-२शी आपला पत्ता ताडून बघा. चार-पाच बाइटांचा फरक दिसला तर लगेच कोड मोडायला घेऊ नका. वाचन दोन पेजच्या सीमेवर असेल आणि त्यातलं दुसरंच पेज बंद असेल तर सीआर-२मध्ये दुसऱ्या पेजची सुरुवात येते.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि बॅटरीवर दोघांनी नऊ बाइटांची इन्स्ट्रक्शन चालवली. हेक्स २८च आलं. निपाणीकर काही बोलायच्या आत खानापूरचा म्हणाला, "एफएस राहिलाय सर, आणि आमची बस पण."