शाळा बंद असताना घरातून करिअरची ओळख कशी करून द्यावी

मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि त्याच्या आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानेही तिथले वर्ग बंद पाडले होते. अशा वेळी नववी-दहावीच्या मुलांच्या बुडणाऱ्या अभ्यासाची काळजी सगळेच करतात; पण दहावीनंतर कोणती वाट धरायची, हा प्रश्न निकाल हातात पडेपर्यंत पुढे ढकलला जातो आणि मग प्रवेशअर्जाच्या मुदतीत घाईघाईने उरकला जातो. हे काम सुट्टीच्या काळात, एक साधा फोन आणि शंभर पानी वही एवढ्यावर नीट करता येते, असा माझा शिक्षक म्हणून अनुभव आहे.

सुरुवात व्यवसायांच्या यादीपासून करू नये. पहिल्या वेळी मी तीच चूक केली होती. पन्नास व्यवसायांची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून आवडीचे तीन निवडायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस हेच लिहून पाठवले, कारण बाकीच्या नावांमागे त्यांना माणूस दिसत नव्हता. म्हणून आधी माणूस शोधावा. आई-वडिलांनी मुलासोबत बसून नात्यातली, गल्लीतली, गावातली अशी दहा कामकरी माणसे वहीत लिहावीत: पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी मावशी, एसटीतले काका, बँकेतला मामेभाऊ, मोटर भरून देणारे शेजारी. मग आठवड्याला एकाच माणसाला, त्याच्या सवडीची वेळ आधी विचारून, मुलाने स्वतः फोन करावा.

प्रश्न मोघम नसावेत. ‘तुमचे काम कसे आहे?’ याला ‘चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी कामावर गेल्यावर पहिली गोष्ट कोणती करता, दिवसातला कंटाळवाणा भाग कोणता, चूक झाली तर काय होते, हे काम कोणाकडून आणि किती दिवसांत शिकलात, दहावीत असताना काय माहीत असते तर बरे झाले असते, असे विचारावे. पगार थेट विचारणे अवघड वाटत असेल, तर ‘नवीन माणसाला सुरुवातीला साधारण किती मिळतात?’ असे विचारले की लोक मोकळेपणाने सांगतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने असा फोन मोटर भरणाऱ्या शेजाऱ्यांना केला. व्होल्टेज कमी पडून जळालेली शेतपंपाची मोटर आली की ते आधी जुन्या कॉइलचे वेढे मोजतात, तारेचा गेज म्हणजे जाडी पाहतात, मग मोटरच्या आतल्या खाचांमध्ये (स्लॉटमध्ये) इन्सुलेशनचा म्हणजे वीज अडवणारा कागद घालून तांब्याच्या तारेची नवी कॉइल बसवतात, जोडण्या करतात आणि शेवटी वार्निश देऊन सुकवतात, हे तिने क्रमाने लिहून घेतले. विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युतधारेचा धडा तिने त्याच संध्याकाळी आपणहून उघडला.

माणसाशी बोलणे झाले की त्या कामापर्यंत जाणारी वाट शोधायची, आणि इथे पालकांनी बारकाईने लक्ष द्यावे. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा असतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा असून त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर नर्सिंगचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा डिप्लोमा तीन वर्षांचा, तर कायद्याचा एकत्रित अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि कायद्यासाठी कोणतीही शाखा चालते. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. अकरावीत गणित सोडताना कोणती दारे बंद होतात, हे मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेले असावे. राज्याने २०२० मध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल सुरू केले होते. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिसचे संकेतस्थळही आहे. तरीही पात्रता आणि मुदत यांची खात्री त्या त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकातूनच करावी.

घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांसोबत कामावर जात असेल, तर दिवसभरात प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि संध्याकाळी अर्ध्या तासात तेवढेच शोधावे.

ऐकलेले काम थोडे करूनही पाहावे. हिशेबात रस असलेल्या मुलाने महिनाभर घरखर्चाची जमा-नावे लिहावी. बांधकामाकडे ओढा असलेल्याने टेपने खोली मोजून, एका फुटाला एक सेंटिमीटर धरून तिचा नकाशा काढावा. दार आणि खिडकी कागदावर जागच्या जागी बसेपर्यंत खाडाखोड होते, आणि ती करताना मूल रमते की वैतागते, हे शेजारी बसलेल्या पालकाला लगेच कळते. नावडलेले कामही कारणासह लिहावे. ‘रक्त पाहवत नाही’ किंवा ‘एका जागी बसवत नाही’ ही नोंद पुढे शाखा निवडताना फार उपयोगी पडते.

मुलींबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शाळा बंद झाली की धुणीभांडी आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे आपोआप त्यांच्याकडे येते आणि त्यांचा वेळ सर्वात आधी संपतो. म्हणून त्यांच्यासाठी रोजचा एक तास घरात सर्वांसमोर ठरवून द्यावा आणि त्या तासात त्यांना कोणीही हाक मारू नये.

प्रत्येक मुलाखतीनंतर चार दिवसांनी त्याच माणसाला पुन्हा फोन करून वहीतले पान वाचून दाखवावे. मोटर भरणाऱ्या शेजाऱ्यांनी माझ्या विद्यार्थिनीचे पान शांतपणे ऐकून घेतले, वार्निशच्या आधी मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासण्याची पायरी राहिली आहे हे लक्षात आणून दिले, आणि शाळा सुरू होण्याआधी एकदा दुकानात येऊन ते प्रत्यक्ष पाहून जा, असे सांगितले.