बेपत्ता युद्धकैद्यांविषयी केंद्र सरकारकडे माहिती कशी मागावी

देवळालीची स्कूल ऑफ आर्टिलरी आणि नाशिकरोडचे आर्टिलरी सेंटर यांमुळे आपल्या जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची घरे बरीच आहेत. १९७१ च्या युद्धाची आठवण निघाली की परत न आलेल्या ५४ जणांचा विषय या घरांत निघतोच, आणि तो निघाला की सरकारविषयीचा रागही निघतो. त्या युद्धानंतर भारताने पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी परत पाठवले. आपले बेपत्ता सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे भारत सरकार मानते आणि पाकिस्तान ते नाकारतो. या दोहोंच्या मध्ये नेमका काय पत्रव्यवहार झाला, हे मात्र नातेवाइकांना कोणी सांगत नाही. हा राग योग्यच आहे, पण तो जसाच्या तसा अर्जात उतरवला की अर्ज वाया जातो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करताना भावना घरी ठेवून कागद मागावा लागतो.

अर्जाला बसण्यापूर्वी जे आधीच उघड आहे ते वाचून घ्यावे, कारण तेच पुन्हा मागितले तर महिना फुकट जातो. १९७९ मध्ये लोकसभेत या विषयावर नावांसह उत्तर देण्यात आले होते. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंगांत जाऊन आले. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि परराष्ट्र मंत्रालयाने बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांचा आकडा ८३ असा दिलेला आहे. ५४ आणि ८३ हे आकडे एकच समजू नयेत. अर्जात कोणत्या यादीविषयी विचारत आहोत ते स्पष्ट लिहावे.

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या किंवा संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. चुकीच्या ठिकाणी गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवला पाहिजे. गुप्तचर संस्थांकडे थेट अर्ज करण्यात अर्थ नाही, कारण मानवी हक्कभंगाचे व भ्रष्टाचाराचे आरोप वगळता कलम २४ ने त्यांना सूट दिलेली आहे.

खरी मेहनत प्रश्नाच्या शब्दांत आहे. ‘सरकारने आमच्या माणसांना का सोडून दिले?’ या प्रश्नाला ‘ही माहिती नव्हे’ असे एका ओळीचे उत्तर येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूकही नसते, कारण अभिलेखात असलेलेच मागता येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘१ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांविषयी पाकिस्तानला पाठवलेल्या पत्रांची संख्या व दिनांक द्यावेत, आणि त्यांच्या प्रती द्याव्यात.’ संख्या, दिनांक आणि प्रती वेगवेगळ्या मागितल्या की प्रती नाकारल्या गेल्या तरी दिनांक मिळण्याची शक्यता राहते, आणि एखाद्या वर्षी एकही पत्र गेले नसेल तर तेही कळते. परदेशातले एक उदाहरण पाहा. ग्वांतानामो येथील अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांची नावे अमेरिकी सरकारने चार वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवली होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लष्करी सुनावण्यांच्या प्रतिलेखांवर बोट ठेवून ते मागितले व न्यायालयात धाव घेतली, तेव्हा २००६ मध्ये ती नावे बाहेर आली. कोणता कागद अस्तित्वात असणारच, हे आधी ओळखण्याचा हा फायदा.

अर्ज मराठीत करण्याचा हक्क कलम ६(१) देते, तरी दिल्लीतल्या टेबलावर तो अडकू नये म्हणून सोबत हिंदी भाषांतर जोडलेले बरे. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवावा. शुल्क दहा रुपये. पोस्टल ऑर्डर संबंधित मंत्रालयाच्या लेखाधिकाऱ्याच्या नावे काढावी व तिचा क्रमांक अर्जात लिहावा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज केल्यास हा खटाटोप वाचतो. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही, मात्र अर्जदार नातेवाईक असेल तर नाते लिहावे, कारण पुढे अपिलात ते उपयोगी पडते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि बहुधा येईल तो नकारच. सुरक्षा व परराष्ट्र संबंधांना बाधा येईल असे म्हणून कलम ८(१)(अ) पुढे केले जाते. येथे अनेकांची एक फसगत होते: वीस वर्षांपूर्वीची माहिती द्यावीच लागते, असे ते कलम ८(३) च्या आधारे लिहितात, पण त्या कलमातून ८(१)(अ) वगळलेले आहे. म्हणून १९७२ चा कागद केवळ जुना आहे एवढ्यावर अपील उभे करू नये. त्याऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात. कलम १९(५) प्रमाणे नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तेव्हा कोणत्या कागदाने कोणती बाधा येते हे त्याने सांगावे. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला भाग द्यावा. आणि कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठे आहे, कारण सक्रिय युद्ध संपताच कैदी विनाविलंब सोडावेत असे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे अनुच्छेद ११८ सांगते आणि त्या करारावर भारत व पाकिस्तान दोघेही बांधलेले आहेत.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच मंत्रालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावे. त्याला शुल्क नाही. दुसरे अपील ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. त्याची सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे दिल्लीची वारी बहुधा करावी लागत नाही. दरम्यान नकाराचे पत्र आपल्या खासदारांना दाखवून तोच प्रश्न संसदेत अतारांकित (म्हणजे लेखी उत्तराचा) प्रश्न म्हणून विचारण्याची विनंती करावी, आणि अर्ज, पोच व पोस्टल ऑर्डरची झेरॉक्स एकाच फाइलमध्ये दिनांकवार लावून ठेवावी.